जनावर धडधाकट असले तरी औषधांना दाद न देणारे जिवाणू त्याच्या अंगी असू शकतात का?

खानापूरचा शेतकरी

नमस्कार. खानापूर तालुक्यातील आमच्या घरी दोन म्हशी, एक संकरित गाय, तिचे दोन महिन्यांचे वासरू, परड्यात दहा-बारा गावठी कोंबड्या आणि एक कुत्रा आहे. गेल्या महिन्यात आईला लघवीला जळजळ आणि थंडीताप असा त्रास सुरू झाला. गोळ्यांचे दोन वेगवेगळे कोर्स होऊनही उतार पडेना, तेव्हा तिला बेळगावला नेऊन लघवीचे कल्चर, म्हणजे त्यातले जिवाणू वाढवून त्यांच्यावर कोणते औषध चालते ते पाहण्याची तपासणी, करून घेतले. अहवालात ‘ई. कोलाय, ईएसबीएल पॉझिटिव्ह’ असे आले आणि खालच्या यादीत बहुतेक औषधांच्या नावापुढे ‘आर’ (रेझिस्टंट, म्हणजे जिवाणू त्या औषधाला दाद देत नाही) हे अक्षर होते. शेवटी शिरेतून इंजेक्शने द्यावी लागली. आता ती बरी आहे.

घरी सोडताना डॉक्टरांनी सहज विचारावे तसे विचारले की, घरी जनावरे आहेत का आणि त्यांना अलीकडे कोणती औषधे दिली होती. तेव्हा मला सांगता आले नाही. घरी आल्यावर गोठ्याच्या कोनाड्यात पाहिले, तर गाईला दगडी (कासेची सूज) झाली होती तेव्हा आणलेल्या इंजेक्शनचे रिकामे खोके सापडले. त्यावर सेफ्ट्रायक्झोन हे नाव होते, आणि आईच्या अहवालात त्याच नावापुढे ‘आर’ आहे. तेव्हापासून मला चैन नाही. गाईला ती इंजेक्शने गावातल्याच एकाने दोन दिवस दिली होती. कास मऊ झाल्यावर तिसऱ्या दिवशी त्याला बोलावले नाही. त्या दिवसांतले दूध आम्ही डेअरीला घातले नाही. ते वासराला पाजले आणि उरलेले कुत्र्याला घातले.

आमची सगळी जनावरे तर अगदी ठणठणीत आहेत. वैरण खातात, रवंथ करतात, शेणही घट्ट टाकतात. आजाराचे कोणतेही लक्षण नसलेल्या जनावराच्या अंगी असे जिवाणू राहतात का? आईला ते गोठ्यातूनच आले असतील का? जनावरांची तपासणी करून घ्यावी की काय, हेही कळत नाही. भाऊ तर म्हणतो की म्हशी ठेव आणि गाय विकून टाक.

निवृत्त पशुवैद्य, चिकोडी

राहतात. तुमच्या प्रश्नातला ‘ठणठणीत’ हा शब्दच फसवा आहे. ई. कोलाय हा जिवाणू माणूस, गाय, कुत्रा, कोंबडी अशा सर्वांच्या आतड्यात कायमचा वस्तीला असतो आणि तेथे तो सहसा कोणाला आजारी पाडत नाही. औषधाला दाद न देण्याचा गुण आणि आजार निर्माण करण्याचा गुण हे दोन वेगळे आहेत, त्यामुळे एखाद्या जिवाणूत पहिला गुण आला म्हणून गाईला काही जाणवत नाही. ती वैरण खाते, दूध देते आणि शेणावाटे तो जिवाणू गोठाभर पसरवत राहते. तो मूत्रमार्गात किंवा रक्तात शिरला आणि डॉक्टरांचे औषध चालेनासे झाले, म्हणजे मगच तो आपल्याला दिसतो.

तुम्ही दिलेल्या इंजेक्शनाने काय होते, तेही सांगतो. औषध कासेपुरते थांबत नाही. ते रक्तातून सर्व शरीरात फिरते आणि सेफ्ट्रायक्झोनचा काही भाग पित्तावाटे आतड्यात उतरतो. तेथे त्याला बळी पडणारे जिवाणू मरतात आणि जे मरत नाहीत त्यांना मोकळे रान मिळते. शेतात तणनाशक मारल्यावर न मरणारे तण जसे पुढच्या हंगामात सारे रान व्यापते, तसेच हे आहे. दगडी बरी होते, पण आतड्यातली ही उलथापालथ त्यानंतरही पुष्कळ दिवस टिकते.

हे माणसापर्यंत पोहोचते, याचा जुना आणि स्वच्छ पुरावा आहे. अमेरिकेत स्टुअर्ट लेव्ही या संशोधकांनी एका शेतावरच्या कोंबड्यांना टेट्रासायक्लीन मिसळलेले खाद्य घातले आणि कोंबड्यांच्या, शेतावरील कुटुंबाच्या व शेजाऱ्यांच्या विष्ठेची वारंवार तपासणी केली. आठवड्याभरात कोंबड्यांच्या आतड्यातील जवळजवळ सर्व जिवाणू त्या औषधाला दाद देईनासे झाले, आणि पाच-सहा महिन्यांत त्या कुटुंबातील माणसांच्या पोटातही असे जिवाणू शेजाऱ्यांपेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात आढळू लागले. कुटुंबातील कोणीही ते औषध घेतले नव्हते. हा अभ्यास १९७६ साली प्रसिद्ध झाला.

तरीही खोक्यावरचे नाव आणि अहवालातले नाव एकच आहे, एवढ्यावरून आईला ते गाईपासूनच आले असे म्हणता येत नाही. ईएसबीएल म्हणजे जिवाणू तयार करतो ते एक विकर (एन्झाइम). ते सेफ्ट्रायक्झोनसारख्या तिसऱ्या पिढीतील सेफॅलोस्पोरिन औषधांचे तुकडे करते, म्हणून असा जिवाणू कोठूनही आलेला असला तरी त्या नावापुढे ‘आर’ हेच अक्षर येणार. शिवाय आईने स्वतः गोळ्यांचे दोन कोर्स घेतलेले आहेत. गाईच्या आतड्यात जे घडले ते त्यांच्याही आतड्यात घडले असणार. गाय विकून तुमच्या घरचा प्रश्न सुटणार नाही. ती फक्त दुसऱ्याच्या गोठ्यात जाईल.

माझी खरी तक्रार वासराच्या दुधाबद्दल आहे. औषध चालू असलेल्या गाईचे दूध वासराला पाजणे म्हणजे त्याला रोज थोडे थोडे औषध देण्यासारखे आहे, आणि असे दूध प्यालेल्या वासरांच्या शेणात न दाद देणारे जिवाणू वाढतात हे परदेशांतही तपासून पाहिलेले आहे. आपल्याकडे ‘डेअरीला चालत नाही म्हणून वासराला’ हा रिवाज इतका घरगुती झाला आहे की, मी स्वतः नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत त्याला कधी हटकले नाही.

प्रयोगशाळेतला, बेळगाव

डॉक्टरसाहेबांनी गोठ्याची बाजू मांडली आहे; मी अहवालाची मांडतो, कारण रोज असे अहवाल माझ्या हातून जातात.

‘जिवाणू गाईकडून आईकडे गेला का’ हा प्रश्न थोडा अपुरा आहे. ईएसबीएल तयार करण्याची सूचना ज्या जनुकात असते ते जनुक बहुधा प्लास्मिड नावाच्या सुट्या, वर्तुळाकार डीएनएवर बसलेले असते, आणि एक जिवाणू त्याची प्रत दुसऱ्याला देऊ शकतो. गाईचा ई. कोलाय आईच्या आतड्यात दोन दिवस राहून निघून गेला, पण जाताना त्याने ते प्लास्मिड तेथल्या जिवाणूला दिले, असेही होऊ शकते. तेव्हा दोघींचे जिवाणू वेगळे निघाले तरी संबंध नाही असे ठरत नाही, आणि दोघींकडे तेच जनुक सापडले तरी संबंध आहे असेही ठरत नाही. जगात आज सर्वाधिक आढळणाऱ्या ईएसबीएल जनुकांपैकी सीटीएक्स-एम-१५ हे पहिल्यांदा भारतातल्याच नमुन्यांत सापडले व २००१ साली नोंदवले गेले. आता ते इतके सर्वदूर झाले आहे की केवळ त्यावरून माग काढता येत नाही.

म्हणून निरोगी जनावरांची तपासणी करून घेऊ नका. अहवाल पॉझिटिव्ह आला तर पुढे करायचे काय? लक्षणे नसलेल्या वाहकाला प्रतिजैविक देत नाहीत, कारण त्याने बाकीचे जिवाणू मरून दाद न देणारेच आणखी वाढतात. आज निगेटिव्ह आलेले जनावर पुढच्या महिन्यात पॉझिटिव्ह येऊ शकते. पैसे जातील आणि मनाला घोर मात्र लागून राहील.

वाट एकाच दिशेची नसते, हेही लक्षात घ्यावे. २००४ साली नेदरलँड्समध्ये शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासणीत एका तान्ह्या मुलीच्या अंगी मेथिसिलिन या प्रतिजैविकाला दाद न देणारा स्टॅफिलोकोकस (त्वचेवर आणि नाकात राहणारा जिवाणू) सापडला. तिच्या आईवडिलांचा डुकरे पाळण्याचा व्यवसाय होता. पुढे शोध घेतला तेव्हा असे जिवाणू वराहपालकांत आणि त्यांच्या दिसायला निरोगी डुकरांत मोठ्या प्रमाणावर निघाले, आणि जिवंत डुकरांच्या संपर्कातला रुग्ण तेथील रुग्णालयात आला की त्याची आधी ही तपासणी होऊ लागली. सगळा दोष डुकरांवर गेला. मग २०१२ साली या वाणाच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्यातून दिसले की, त्याचे पूर्वज मुळात माणसांत राहणारे आणि औषधाला दाद देणारे होते. ते जनावरांत गेले, तेथे त्यांनी टेट्रासायक्लीन आणि मेथिसिलिनला न जुमानण्याची ताकद मिळवली, आणि ते परत माणसांकडे आले.

त्याच देशात ईएसबीएल ई. कोलायबद्दल २०१९ मध्ये एक अंदाज मांडला गेला. समाजातील लोकांच्या अंगी असलेल्या या जिवाणूंपैकी सुमारे ६० टक्के माणसाकडून माणसाकडे, १९ टक्के अन्नातून, ८ टक्के कुत्र्या-मांजरांकडून आणि ४ टक्क्यांहून कमी गोठ्यातल्या जनावरांकडून आलेले असावेत, असा तो हिशेब होता. हे आकडे तिकडचे आहेत. तिकडे कोणी शेणाने अंगण सारवत नाही, गोवऱ्या थापत नाही आणि कोंबड्या चुलीपाशी येत नाहीत, त्यामुळे ते जसेच्या तसे खानापूरला लावता येणार नाहीत. पण घरातल्या घरात हाताहाताने होणारा प्रसार विसरून फक्त गाईकडे बोट दाखवू नये, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

दूध उत्पादक, निपाणी

आपण सर्वांनी शास्त्र सांगितले, ते मान्य आहे. पण शेतकऱ्याने तिसऱ्या दिवशी माणूस का बोलावला नाही, हे कोणी विचारले नाही. एका इंजेक्शनाचा खर्च, देणाऱ्याचे पैसे आणि तेवढ्या दिवसांचे बुडालेले दूध यांचा हिशेब घातला तर दगडीच्या एका आजारात पंधरवड्याची कमाई जाते. शहरात साध्या सर्दीला गोळ्या लिहून मिळतात, त्याची चर्चा होत नाही. गोठ्यात खोके सापडले की लगेच होते.

माझा अनुभव सांगतो. एकदा म्हशीच्या सडात औषधाची ट्यूब सोडल्यानंतर चौथ्या दिवशीचे दूध घरी ठेवले, तर दोन वेळा विरजण लावूनही दही लागले नाही. त्या दिवशी मला कळले की औषध दुधात अजून आहे. पण आपण दूध उकळूनच पितो. मग घरच्यांना त्याची भीती का असावी? आणि एवढे सगळे आधीच पसरले असेल, तर आता थांबवून तरी काय उपयोग?

निवृत्त पशुवैद्य, चिकोडी

दह्याचा तुमचा अनुभव अचूक आहे. विरजणातले जिवाणू औषधाने मेले म्हणून दही लागले नाही. मात्र दह्याची परीक्षा पुरेशी नव्हे, कारण विरजण लागण्याइतके औषध कमी झाले तरी ते दुधात चालणाऱ्या मर्यादेपेक्षा जास्त असू शकते. उकळल्याने दुधातले जिवाणू मरतात, पण अनेक औषधांचे अंश उकळीने पुरते नष्ट होत नाहीत. म्हणून औषधाच्या वेष्टनावर किती दिवस दूध वापरू नये ते छापलेले असते. तसे दिवस ठरलेले नसतील तर दूध आणि अंड्यांसाठी किमान ७ दिवस व मांसासाठी २८ दिवस धरावेत, असा नियम २०१२ पासून आहे. आणि जिवाणूंची मुख्य वाट दूध ही नाहीच. शेण, कास धुतलेले पाणी आणि आपले हात ही आहे.

खर्चाबद्दल तुमचे म्हणणे खरे आहे आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. एवढेच सुचवतो की, १९६२ या क्रमांकावर फिरत्या पशुचिकित्सालयाला बोलावता येते. पहिले इंजेक्शन देण्याआधी सडातले थोडे दूध स्वच्छ बाटलीत घेऊन ते तपासायला दिले, तर तिसऱ्या पिढीचे महाग औषध लागतेच असे नाही. इंजेक्शनानंतर घेतलेल्या नमुन्यात बऱ्याचदा काहीच उगवत नाही.

थांबवून उपयोग होतो का, याचे उत्तर डेन्मार्कने दिले आहे, आणि ते सरळ नाही. तेथे जनावरांच्या वाढीसाठी खाद्यात अ‍ॅव्होपार्सिन हे प्रतिजैविक मिसळत. १९९५ मध्ये त्यावर बंदी आली. त्या वर्षी मांसल कोंबड्यांतील एका जातीच्या एन्टेरोकोकस या आतड्यातल्या जिवाणूंपैकी सुमारे ७३ टक्के त्या गटातल्या औषधांना दाद देत नव्हते. २००० साली हे प्रमाण ६ टक्क्यांच्या आसपास आले. डुकरांत मात्र बंदीनंतरही फरक पडेना. कारण असे निघाले की, त्यांना टायलोसिन हे दुसरेच औषध दिले जात होते आणि दोन्ही औषधांना न जुमानणारी जनुके एकाच प्लास्मिडवर शेजारी शेजारी होती. १९९८ मध्ये टायलोसिनचा वापर घटला, तेव्हा डुकरांतले प्रमाणही उतरले. आपल्याकडे कोलिस्टिन हे माणसांसाठी अखेरचे राखून ठेवलेले औषध जनावरांच्या आणि कोंबड्यांच्या खाद्यातून बाद झाले ते जुलै २०१९ मध्ये.

खानापूरचा शेतकरी

सर्वांचे आभार. गाय विकणार नाही, हे भावाला सांगितले. दोनच गोष्टी विचारायच्या राहिल्या. पुन्हा औषध द्यावे लागले तर ते दूध टाकायचे कोठे? आणि आईने धार काढायला हरकत नाही ना? ती ऐकणारी नाही.

निवृत्त पशुवैद्य, चिकोडी

ते दूध विहीर आणि ओढ्यापासून दूर खड्ड्यात ओतून माती लोटावी; वासराला तेवढे दिवस म्हशीचे दूध पाजावे. कुत्र्यालाही ते घालू नये.

मातोश्रींनी पूर्ण बरे वाटल्यावर धार काढायला हरकत नाही. मात्र शेण काढणे आणि गोवऱ्या थापणे काही दिवस दुसऱ्याने करावे, आणि धारेच्या आधी व नंतर साबणाने हात धुवावेत. आधी यासाठी की, लघवीचा आजार बरा झाला तरी त्यांच्या आतड्यात तो जिवाणू कित्येक महिने राहू शकतो, आणि आता त्यांच्याकडून वासराला तो मिळणे शक्य आहे. कल्चरचा अहवाल जपून ठेवा. पुढे कोणत्याही आजारासाठी दवाखान्यात गेलात, तर औषध लिहिण्यापूर्वी तो डॉक्टरांना दाखवा. गोठ्यातही एक वही ठेवून कोणत्या जनावराला, कोणत्या तारखेला, काय दिले ते लिहीत जा. खोके कोनाड्यात राहिले म्हणून या वेळी तुम्हाला नाव तरी कळले.