धारावीचा काळा किल्ला बघायला जावं का?

शीवकर:
मागच्या महिन्यात आईबाबांना घेऊन स्वित्झर्लंडमध्ये लुसर्नला होतो. सरोवराचं पाणी जिथून रॉइस नदीत उतरतं, तिथे लाकडी पुलाला लागून पाण्यातच एक आठकोनी दगडी बुरूज उभा आहे. साधारण १३०० सालचा, चौतीस मीटर उंच. एकेकाळी शहराच्या तटबंदीत होता, पुढे त्यात खजिना राहिला, कैदीही राहिले. १९९३ मध्ये पुलाला मोठी आग लागली, तो वर्षभरात पुन्हा बांधून काढला. बुरूज आम्ही काठावरूनच पाहिला, तरी सगळी मंडळी अर्धा तास हलली नाहीत. बाबांनी विचारलं, "आपल्याकडे पाण्याकाठी असा एखादा बुरूज नाही का रे?"

आहे. आमच्या घरापासून वीस मिनिटांवर. धारावीत मिठीच्या बाजूला, बेस्टच्या काळा किल्ला आगाराजवळ. काळा किल्ला, दुसरं नाव रिवा. जन्म शीवमध्ये गेला आणि मी तिथे पहिल्यांदा गेलो तो परदेशातून परत आल्यावर. काळ्या दगडाची उंच भिंत, तिला चिकटून घरं, आणि दगडी पाटीवर मुंबईच्या इंग्रज गव्हर्नर हॉर्नचं नाव आणि साल: १७३७. मला खरंच लाज वाटली. मुंबईतल्या मराठी माणसाने हा किल्ला एकदा तरी बघावा.

ठाण्याचा भटक्या:
मला पटत नाही. महाराजांचे गड अजून निम्मेही झाले नाहीत माझे. आठवड्याला एक सुट्टी मिळते. ती इंग्रजांच्या चौकीवर का घालवू? राजगडाच्या बालेकिल्ल्यावर उर भरून येतो, तसं इथे काय होणार? आणि लुसर्नशी तुलना नकोच. तिथे समोर सरोवर आहे, इथे मिठीचं पाणी कसलं आहे ते आपल्याला ठाऊक आहे.

शीवकर:
दादा, साल पुन्हा वाचा. १७३७ मध्येच चिमाजी आप्पांची मोहीम साष्टीत उतरली आणि ठाण्याचा किल्ला आपल्याकडे आला. मिठीच्या पलीकडे साष्टी, अलीकडे इंग्रजांची मुंबई. म्हणजे त्या वर्षी मराठी फौज खाडीपलीकडे येऊन ठेपली होती आणि त्याच वर्षी खाडीकाठी हा किल्ला उभा राहिला. कारण पाटीवर कोरलेलं नाही, पण मला दुसरं सुचत नाही. मे १७३९ मध्ये पोर्तुगीजांची वसई मराठ्यांनी घेतली, आणि इकडे व्यापाऱ्यांनी ३०,००० रुपये काढून दिले, इंग्रजांच्या मुंबईच्या कोटाभोवती खंदक खणायला. मराठ्यांचा धाक केवढा होता हे मला त्या भिंतीसमोर उभं राहिल्यावर कळलं. वसईचा तट बघून उर भरून येतो ना? मग ही त्याच लढाईची दुसरी बाजू आहे.

ठाण्याचा भटक्या:
वसईशी असा संबंध मी कधी जोडला नव्हता. तेवढं मान्य. पण मग नुसतं बघून काय होणार? आधी भोवतालची घरं हलवा, तट मोकळा करा, मग लोकांना बोलवा. माहीमच्या किल्ल्यातल्या अडीचशेच्या वर झोपड्या २०२२ मध्ये हलवल्याच की.

गल्लीतली ताई:
मी त्या भिंतीच्या सावलीत वाढले, म्हणून लिहिते. "हलवा" हा शब्द तुम्ही एका ओळीत लिहून मोकळे झालात. आमच्याकडे तो शब्द आला की आई रात्रभर झोपत नाही. माणसं दूर गेली की कामाची वाट तुटते, मुलांची शाळा तुटते. किल्ला आम्ही खाल्लेला नाही. लहानपणी शिडी लावून वर चढायचो, आजोबा ओरडायचे, "दगड हलवू नका, जुना आहे."

आणि शीवकर, तुमच्याशीही भांडण आहे. तुम्ही पाटीवरचं साल वाचलंत, आमच्या दारावरून गेलात, पण कुणाशी बोललात का? सकाळी सातला मोबाईल घेऊन माणसं येतात. तेव्हा बाया पाणी भरत असतात, कुणाची मोरीत आंघोळ चाललेली असते. फोटो भिंतीचा म्हणतात, त्यात आम्हीही येतो.

शीवकर:
नाही बोललो. घाईत पाटीचा फोटो काढला आणि निघालो. चुकलं माझं. तरी "कुणी येऊच नका" असं तुम्ही म्हणत असाल तर ते मला मान्य नाही. जो किल्ला कुणी बघतच नाही, त्याचा दगड ढासळला तर विचारणार कोण?

गल्लीतली ताई:
येऊ नका असं मी कुठे म्हटलं? चाळीस जण एकदम आणू नका. पाचसहा जण या, अकरानंतर, पाण्याची गडबड संपल्यावर. पाटी कोवळ्या उन्हात नीट वाचता येत नाही, अक्षरं झिजलीत, आमच्या गल्लीतली पोरं बोट ठेवून दाखवतील. घरांचे फोटो काढू नका. आणि तुमच्या बाबांना आणा.

ठाण्याचा भटक्या:
रविवारी मीही येऊ का? "हलवा" हे मात्र मी मागे घेत नाही, तट वाचवायचा असेल तर त्यावर बोलावंच लागेल. तिथे येऊन बोलू.

गल्लीतली ताई:
या. तोंडावर बोललेलं बरं.