शब्दचर्चा : कृष्णाकृती, रक्ताकृती आणि ‘फुलदाणी’

प्रश्न : प्राचीन ग्रीक भांड्यांच्या ‘ब्लॅक-फिगर’ आणि ‘रेड-फिगर’ शैलींना ‘काळी भांडी’ आणि ‘लाल भांडी’ म्हटलं तर चालेल का?

उत्तर : नाही चालणार. काळा आणि तांबडा हे दोन्ही रंग दोन्ही शैलींत असतात. आकृती कुठल्या रंगाची, एवढाच प्रश्न. म्हणून ‘कृष्णाकृती’ आणि ‘रक्ताकृती’ हे शब्द मला नेमके वाटतात. कृष्णाकृतीत माणसं, घोडे काळे आणि आतले बारकावे टोकदार हत्याराने कोरलेले. इ.स.पू. ७व्या शतकात कॉरिंथ या ग्रीक शहरात ही रीत घडली, अथेन्सने ती कळसाला नेली. अथेन्सचा कुंभार-चित्रकार एक्सेकियस याचा व्हॅटिकनमधला अँफोरा, म्हणजे दोन कानांचं उभं भांडं, जरूर पाहा. ट्रॉयच्या युद्धकथेतले वीर अकिलीस आणि अजॅक्स भाले न सोडता पटावर वाकून खेळताहेत, आणि त्यांच्या वस्त्रांवरची कोरीव नक्षी थक्क करते! इ.स.पू. ५२५च्या सुमारास अथेन्समध्येच हे उलटं झालं. पार्श्वभूमी काळी, आकृती मातीच्या तांबड्या रंगाची; हीच रक्ताकृती. कोरणीऐवजी कुंचला आला आणि शरीराची वळणं, वस्त्रांच्या चुण्या मोकळ्या झाल्या.

दुसरं उत्तर : ‘काळ्या रंगाने रंगवलेली’ हेही टाळावं. तो काळा रंग नव्हेच, बारीक गाळलेल्या लोहयुक्त मातीचा लेप आहे. भट्टी एकदाच लागे, पण तिच्यात तीन टप्पे. आधी हवा खेळती, तेव्हा सगळं तांबडं. मग झरोके बंद करून धूर कोंडला की सगळं काळं. शेवटी पुन्हा हवा. भांड्याची सच्छिद्र माती परत तांबडी होई. लेप मात्र काचेसारखा घट्ट झालेला, त्याच्यात हवा शिरत नसे, तो काळाच राही. म्हणून ‘काळा लेप’ म्हणा.

प्रश्न : मग ‘काळी-तांबडी मृद्भांडी’?

उत्तर : ती संज्ञा आपल्या पुरातत्त्वात आधीच रूढ आहे. आतून आणि काठाशी काळी, बाहेरून खाली तांबडी अशी भारतीय भांडी ती. ग्रीक भांड्यांना तेच नाव दिलं तर वाचक हमखास गोंधळेल.

आणखी एक विनंती. या ग्रीक भांड्यांना इंग्रजीत सरसकट ‘व्हास’ (vase) म्हणतात, त्याला ‘फुलदाणी’ लिहू नका. क्रेटरमध्ये मद्यात पाणी मिसळत, कायलिक्समधून ते पीत, तीन कानांच्या हायड्रियातून पाणी आणत, लेकिथॉसमध्ये तेल ठेवत. पांढऱ्या लेपावर चित्रं असलेले लेकिथॉस अथेन्समध्ये मृतांसोबत थडग्यात ठेवले जात. एकंदर उल्लेख करायचा तर ‘चित्रित भांडी’ म्हणा, एकेकट्या भांड्याला त्याचं ग्रीक नावच द्या.