मदत हवी आहे: बेसमेंटच्या संपचा पंप भरतीच्या वेळी थांबतच नाही (वाशी)

नमस्कार मंडळी,

आमची सोसायटी खाडीपासून जवळ. बेसमेंटच्या पार्किंगमध्ये कोपऱ्यात मीटरभर लांब-रुंद आणि तेवढाच खोल संप (पाणी गोळा होण्याचा खड्डा) आहे. रॅम्पवरून येणारं पावसाचं पाणी, भिंतींचा पाझर, सगळं त्यातच उतरतं. तिथून तीन इंची पाइप रस्त्याकडेच्या पावसाळी गटारात सोडलाय.

पंप संप उपसून बंद झाला की पाइपातून खळखळ ऐकू येते आणि पाणी भराभर चढतं. ओहोटीला त्रास कमी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला मात्र मोटरला उसंत नसते. या पावसाळ्यात वाइंडिंग जळालं. कमिटी म्हणते, दीडऐवजी पाच एचपीचा पंप बसवू. मला ते अजिबात पटत नाही. मोठा पंप एवढासा संप आणखी लवकर रिकामा करेल आणि आणखी वेळा सुरू होईल. सुरू होताना मोटर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, तिथेच ती तापते.

माझा संशय गटारावर आहे. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने इथे धारण तलाव बांधले ते शहर सखल असल्यामुळे. भरती चढली की तलावाच्या तोंडाच्या झडपा मिटतात, पावसाचं पाणी आत साठतं आणि ओहोटीला खाडीत जातं. तोवर गटारं तुडुंब. आमच्या पाइपचं टोक तेव्हा पाण्याखाली असतं. पाइपातलं पाणी उलट येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह धरत नसेल तर गटारच आमच्या संपात उतरतंय, असं असू शकतं का? की हा जमिनीतला पाझर? खात्री कशी करायची?

आणखी एक, आणि याचीच मला जास्त काळजी आहे. पाण्याच्या पातळीनुसार पंप चालू-बंद करणारा फ्लोट अडकला की वॉचमनकाका घोटाभर पाण्यात उभे राहून काठीने तो सोडवतात. हे आजच थांबवायला हवं. त्यासाठी काय लावू?

प्रतिसाद

आधी काकांचं. पंपाच्या लाइनवर ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) लावा, अर्थिंग तपासून घ्या. तरीही मेन स्विच पाडल्याशिवाय कोणीही पाण्यात उतरायचं नाही.

आता संप. ऐन भरतीत, पंप बंद झाल्या झाल्या डिलिव्हरीचा, म्हणजे गटाराकडे जाणाऱ्या पाइपावरचा, गेट व्हॉल्व्ह आवळा. पाणी चढायचं थांबलं तर तुमचा संशय खरा. बहुतेक वेळा नॉन-रिटर्न व्हॉल्व्हच्या झडपेत प्लास्टिक किंवा खडी अडकलेली असते. तो उघडून साफ करा, नाहीतर बदला. शिवाय पाइप गटारात सोडण्याआधी रस्त्याच्या पातळीच्या वर नेऊन वळवा आणि वळणाच्या माथ्यावर हवेसाठी बारीक नळी ठेवा, म्हणजे सायफन होणार नाही.

व्हॉल्व्ह आवळूनही पाणी चढलं तर टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) बुडवून बघा. आकडा नळाच्या पाण्याइतकाच आला तर जमिनीखालची टाकी गळतेय का ते बघा. हजारोंत गेला तर खाडीचं पाणी झिरपतंय. मग पंप बदलताना स्टेनलेस स्टीलचाच घ्या, बिडाचा खाऱ्या पाण्यात लवकर सडतो.

पाच एचपीचे पैसे वाचवा. त्यात संप मोठा करता येतो का बघा, आणि आहे तेवढ्याच ताकदीचा दुसरा पंप आलटूनपालटून चालेल असा बसवा.