विहिरीवर पोहायला नेलेल्या पोरांची जबाबदारी कुणावर?

देगावकर
उन्हाळ्यात दर रविवारी गल्लीतली आठ-नऊ पोरं टेम्पोत घालून देगावच्या आमच्या विहिरीवर नेतो. पैसे घेत नाही. परवा धाकट्याच्या पाठीला तरंगायचा डबा बांधत होतो. सुतळीची दुसरी गाठ मारतोय तोवर अकरा वर्षांचा एक पोरगा मुटका मारायला कठड्यावर पळाला. शेवाळावरून घसरून पायरीवर आपटला, मनगटाचं हाड मोडलं. त्याचे वडील एक शब्द बोलले नाहीत, पण मला झोप नाही. 'आमच्या जबाबदारीवर पाठवतोय' अशी चिठ्ठी सगळ्यांकडून घेतली आहे. कायद्यात ती चालते का?

वकीलीण
दादा, पालकांना विचारून नेलं, एवढंच त्या चिठ्ठीनं कळतं. निष्काळजीपणा झाला असेल तर ती आड येत नाही. हाड मोडणं म्हणजे कायद्यात गंभीर दुखापत. ती निष्काळजीपणानं झाली तर भारतीय न्याय संहितेचं कलम १२५ लागतं, ३ वर्षांपर्यंत कैद, १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जीव गेला तर कलम १०६, ५ वर्षांपर्यंत. पैसे घेत नाही म्हणून ग्राहक आयोगाचा प्रश्न येत नाही, जबाबदारी मात्र सुटत नाही.

१९९५ साली पठाणकोटकडच्या एका शाळेची सहल बियास नदीवर गेली. शिक्षक सोबत असून १४ मुलं बुडाली. २००१ मध्ये सुप्रीम कोर्टानं मुलामागे ५ लाखांची भरपाई कायम केली.

प्रत्येक अपघात गुन्हा नसतो. धोका दिसत होता का आणि शहाण्या माणसानं घेतली असती तेवढी काळजी घेतली का, हे बघतात. नऊ पोरांमागे तुम्ही एकटे होता, हे मला फार खटकलं.

जुना पोहणारा
डबे विहिरीपासून लांब, झाडाखाली बांधा. शेवटचा डबा बांधून होईपर्यंत कुणी उठायचं नाही. एक जाणता माणूस पाण्यात, दुसरा काठावर, आणि काठावरच्याचा मोबाईल गाडीत. दोर नि फुगवलेली ट्यूब हाताशी हवीच.

देगावकर
ताई, काका, आभारी आहे. काल पायऱ्या खराट्यानं घासून काढल्या. संध्याकाळी त्या पोराच्या घरी जाऊन आलो. तो पळाला तेव्हा मी पाठमोरा होतो, हे वडिलांना सांगितलं. दवाखान्याचा खर्च मी देतोय. मेव्हणा सोबत यायला तयार आहे. तो येईल त्याच रविवारी टेम्पो निघेल.