शब्दचर्चा: 'ड्रगलॉर्ड', 'सिकारियो', 'प्लाता ओ प्लोमो' यांना मराठीत काय म्हणावं?

पानगळ: कोलंबियाच्या मेदेयीन शहरातला कोकेनचा टोळीप्रमुख पाब्लो एस्कोबार, त्याच्याविषयी मराठीत लिहिताना काही शब्द हमखास अडतात. 'अमली पदार्थांचा सम्राट' पेपरांत रुळलंय, पण ते गौरवाचं वाटतं. 'सिकारियो' म्हणजे सुपारीबाज की भाडोत्री मारेकरी? आणि त्याच्या टोळीच्या 'प्लाता ओ प्लोमो' या स्पॅनिश धमकीचं 'चांदी की शिसं' केलं तर त्यातली धमकी वाचकापर्यंत पोचते का?

टाकसाळ: शेवटच्यापासून सुरुवात करतो. 'प्लाता' म्हणजे चांदी, पण कोलंबियात रोजच्या बोलण्यात पैसाच. आपला 'रुपया'ही रूप्यावरूनच आलाय, तेव्हा तेवढं जुळतं. 'प्लोमो' म्हणजे शिसं, म्हणजेच बंदुकीची गोळी. लाच घे नाहीतर मर, असा सरळ अर्थ. 'चांदी की शिसं' मात्र मराठीत फसतं. 'चांदी झाली' म्हणजे आपल्याकडे फायदा झाला, आणि शिसं म्हटलं की शिसपेन्सिल डोळ्यांपुढे येते. 'पैसा की गोळी' समजतं, पण मुळातला प्ल-प्लचा ठोका जातो. माझी सूचना: 'दाम की दंड'.

उंबरठा: कानाला छान आहे, पण 'साम, दाम, दंड, भेद' हे राज्यकर्त्याचे उपाय. दंडाचा अधिकार राजाचा. इथे नेमकं उलटं घडलं: एका खासगी टोळीने न्यायाधीश, पोलीस, मंत्री यांच्यापुढे हा पर्याय ठेवला. 'दंड' लिहिलं की नकळत त्या टोळीला राज्यसंस्थेच्या पंगतीला बसवलं जातं. शिवाय आज दंड म्हणजे वाहतूक पोलिसाची पावती. धमकीतली जरब त्यात उरत नाही.

मी 'पैसे खा, नाहीतर गोळी खा' असं करेन. पैसे खाणं म्हणजे लाच घेणं हे मराठीत कुणाला समजवावं लागत नाही, आणि 'खा' दोनदा आल्याने ठोकाही राहतो. 'खोका की ठोका' असंही कुणी सुचवेल, पण ते ऐकून हसू येतं. या वाक्यापायी माणसं मेली आहेत, हसू येणारा शब्द इथे नको.

आणखी एक बारकावा. 'प्लाता' फक्त लाचेपुरती नव्हती, बदनामीसाठीही वापरली जायची. ऑगस्ट १९८३मध्ये रॉद्रिगो लारा बोनिया कायदामंत्री झाले आणि राजकारणातल्या तस्करीच्या पैशाविरुद्ध उभे राहिले. लगेच संसदेत एस्कोबारच्या गटाने एक चेक पुढे केला: दहा लाख पेसोंचा, एका तस्कराच्या सहीचा, लारा यांच्या प्रचाराला दिलेला म्हणून. सगळ्यांचेच हात बरबटलेत असं दाखवलं की आरोप करणाऱ्याचा आवाज आपोआप बसतो. लारा मागे हटले नाहीत. मार्च १९८४मध्ये 'त्रांकिलांदिया' या जंगलातल्या कोकेन कारखान्यावर धाड पडली आणि ३० एप्रिलला राजधानी बोगोतामध्ये लारा यांचा खून झाला. आधी प्लाता, मग प्लोमो.

दौतटाक: 'सिकारियो'बद्दल. लॅटिनमध्ये 'सिका' म्हणजे वाकडी कट्यार. पहिल्या शतकात ज्यूडिया या रोमन प्रांतात अंगरख्याखाली कट्यार लपवून गर्दीत खून करणाऱ्यांना रोमन 'सिकारी' म्हणत. हा शब्द हत्यारावरून आलाय. आपली 'सुपारी' ठरावावरून आली आहे: तमाशाच्या फडाला सुपारी देतात, तीच कामाची कबुली. म्हणून 'सुपारी'त देणारा आणि घेणारा दोघं दिसतात, 'सिकारियो'त फक्त मारणारा दिसतो.

मेदेयीनमध्ये तर देणारा आणि मारणारा यांच्यामध्ये आणखी एक पायरी होती, 'ओफिसिना'. शब्दशः ऑफिस. काम तिथे यायचं, तिथून डोंगरउतारावरच्या वस्त्यांतल्या पोरांकडे जायचं. पुष्कळशी पोरं विशीच्या आतली. मोटारसायकलवर दोघं: पुढचा गाडी चालवणार, मागचा गोळ्या झाडणार. मागच्याला 'पारियेरो' म्हणतात. 'पारिया' म्हणजे जाळी, गाडीचं कॅरिअर. लारा यांचा खून याच पद्धतीने झाला. कोलंबियातल्या शहरांत पुरुषांना डबलसीट बसायला वेळोवेळी बंदी घातली जाते, ती या पद्धतीमुळेच. भाषांतरात 'पुरुष डबलसीटला बंदी' एवढंच लिहिलं तर वाचक वाहतुकीचा नियम समजेल. अर्धं वाक्य खर्च करून कारण द्यायलाच हवं.

म्हणून पहिल्यांदा 'सिकारियो, म्हणजे पैसे घेऊन खून करणारा' असं लिहावं आणि पुढे साधं 'मारेकरी' वापरावं. 'शार्पशूटर' नको, त्यात कौशल्याचं कौतुक डोकावतं.

टाकसाळ: 'दंड'चा मुद्दा मान्य, 'दाम की दंड' मागे घेतो. आता 'ड्रगलॉर्ड'. मराठीत 'अंमल' या एकाच शब्दाला दोन अर्थ आहेत: नशा आणि सत्ता. अंमल चढतो तसा अंमल बसतोही. 'अमली पदार्थ' पहिल्यावरून, 'इंग्रजी अंमल' दुसऱ्यावरून. एस्कोबारचं राजकारण या दोन अर्थांच्या मधोमध उभं आहे, पण त्यातून नाम घडवायला जावं तर 'अंमलदार' हाती येतो, आणि तो आपल्याकडे पोलीस ठाण्यात बसलेला असतो! तेव्हा तो मार्ग बंद.

'सम्राट', 'बादशहा' अजिबात नकोत. 'टोळीप्रमुख' त्याच्या स्वतःच्या टोळीपुरता अचूक आहे. 'तस्कर' थोडा अपुरा पडतो, कारण माल हलवणं हा त्याच्या कामाचा एक भाग होता.

'मेदेयीन कार्टेल'मधला 'कार्टेल' ठेवावा, पण जपून. अर्थशास्त्रात कार्टेल म्हणजे भाव ठरवून घेणारे व्यापारी. मेदेयीनवाले तसे नव्हते. ओचोआ बंधू, गाचा, लेहदेर, एस्कोबार ही एकमेकांच्या वाटा आणि विमानं वापरणारी सैल युती होती. 'टोळी' लिहिलं तर एकच म्होरक्या असल्यासारखं वाटतं.

उंबरठा: राजकारणाच्या बाजूला तीन शब्द सतत चुकतात.

पहिला, 'खासदार'. १९८२मध्ये एस्कोबार कनिष्ठ सभागृहावर 'सुप्लेंते' म्हणून गेला. सुप्लेंते म्हणजे मूळ सदस्याच्या जागी बसू शकणारा, त्याच यादीतून निवडून आलेला पर्यायी सदस्य. संसदीय संरक्षण त्यालाही मिळायचं, आणि त्याला हवं होतं तेच. 'पर्यायी खासदार' लिहावं. १९९१च्या राज्यघटनेने ही सुप्लेंतेची सोयच काढून टाकली.

दुसरा, 'शरणागती'. १९ जून १९९१ला तो 'शरण आला' असं सर्रास छापतात. शरण येणाऱ्याला अटी घालता येत नाहीत. इथे घटना समितीने नागरिकांच्या प्रत्यार्पणावर, म्हणजे त्यांना खटल्यासाठी दुसऱ्या देशाच्या हवाली करण्यावर, बंदी मंजूर केली आणि त्याच दिवशी तो मेदेयीनजवळच्या एन्विगादोच्या डोंगरावर स्वतःसाठी बांधून घेतलेल्या 'ला कातेद्राल' तुरुंगात गेला. सरकारी धोरणाचं नाव 'न्यायापुढे नमणं' असं होतं, पण नमलं कोण हे तारखाच सांगतात. 'स्वाधीन झाला' लिहावं, आणि 'अटींवर' हा शब्द गाळू नये. जुलै १९९२मध्ये दुसऱ्या तुरुंगात हलवायची वेळ आली तेव्हा तो तिथून निघून गेला.

तिसरा, 'अपघात'. २७ नोव्हेंबर १९८९ला आव्हियांका कंपनीचं प्रवासी विमान बोगोताहून उडाल्यावर काही मिनिटांत बॉम्बने फुटलं. विमानातले १०७ आणि जमिनीवरचे ३ जण गेले. 'विमान अपघातात ११० ठार' हे चूक आहे. शब्द 'घातपात'. ज्याला मारायचं होतं ते अध्यक्षपदाचे उमेदवार सेसार गाविरिया विमानात नव्हतेच.

पानगळ: आणि अमेरिकेला होणाऱ्या प्रत्यार्पणाविरुद्ध एस्कोबार आणि इतर तस्करांनी घेतलेलं नाव, 'लोस एक्स्ट्रादिताब्लेस'? 'प्रत्यार्पणपात्र' फारच सरकारी वाटतं.

दौतटाक: नाव तसंच ठेवा आणि त्यांचं घोषवाक्य जोडा: 'अमेरिकेतल्या तुरुंगापेक्षा कोलंबियातली कबर बरी.' अर्थ त्यातच आला. एवढी हिंसा कशासाठी, तेही तिथेच कळतं. १९८६मध्ये 'एल एस्पेक्तादोर' या दैनिकाचे संपादक गियेर्मो कानो, १९८९मध्ये अध्यक्षपदाचे उमेदवार लुईस कार्लोस गालान यांचे खून झाले. दोघांनीही एस्कोबारला उघड विरोध केला होता आणि प्रत्यार्पणाची बाजू घेतली होती. 'टोळीयुद्ध' हा मुंबईच्या बातम्यांतून आलेला शब्द इथे लावू नका. टोळीयुद्धात टोळ्या टोळ्यांशी लढतात. काली शहरातल्या टोळीशीही वैर होतं, पण गालान यांचा खून त्यातला नव्हे. तो राज्याचा कायदा बदलून घेण्यासाठी होता. कायदा बदललाही, प्रत्यार्पण परत यायला १९९७ उजाडलं.

पानगळ: शेवटचा शब्द 'वारसा'. 'हिंसक वारसा' खटकतंय.

टाकसाळ: खटकणारच. आपल्याकडे वारसा सांस्कृतिक असतो, जपायचा असतो. मेदेयीनने तर उलट केलं: त्याची मोनाको इमारत फेब्रुवारी २०१९मध्ये स्फोटकांनी पाडली आणि तिथे बळींच्या स्मरणार्थ उद्यान केलं. 'एस्कोबारने मागे ठेवलेलं' लिहा. त्यात ओफिसिनाही येते, जी २ डिसेंबर १९९३ला तो मारला गेल्यावरही चालू राहिली, फक्त मालक बदलले.

उंबरठा: आणि 'बाकुना'ही येते. बाकुना म्हणजे लस. दुकानदाराकडून, बसवाल्याकडून ठरल्या दिवशी उकळलेल्या पैशाला तिथे हेच म्हणतात: टोचून घेतलं की त्रास नाही. आपला 'हप्ता' चपखल बसतो. 'खंडणी' एकदाची मोठी रक्कमही असू शकते, हप्ता दर आठवड्याला दाराशी येतो.

पानगळ: 'हप्ता' घेतला. मेदेयीन की मेडेलिन?

दौतटाक: मेदेयीन. त्या स्पॅनिश जोड 'ल'चा (ll) उच्चार तिथे 'य'कडे झुकतो, कधी 'ज'कडे. 'ल' मात्र नाही.