सोनचाफ्याच्या परफ्युममध्ये लवंग डोकं वर काढतेय

चाफेकळी_22:
सोनचाफा मध्यभागी ठेवून उबदार, मसालेदार परफ्युम बांधतोय. वजनी 100 भाग असे: फेनिलइथाइल अल्कोहोल 20, यलांग-यलांग फुलांचं तेल 15, बीटा-आयोनोन 8, बेन्झिल सॅलिसिलेट 15, लवंगकळीचं तेल 12, व्हॅनिलिन 5, मिथाइल अँथ्रानिलेट 2, इंडोल (10 टक्के द्रावण) 3, कृत्रिम चंदन 20. हे मिश्रण 15 टक्के, बाकी परफ्युमर्स अल्कोहोल.
पहिला तासभर दातांच्या दवाखान्याचा वास येतो, मग थेट गोड चंदन. फूल सापडतच नाही. शिवाय तीन आठवड्यांत फिकट पिवळ्याचा रंग कोऱ्या चहासारखा झालाय. काय बदलू?

अर्कशाळा:
दवाखान्याचा वास अगदी बरोबर ओळखलात. लवंगकळीच्या तेलात साधारण तीन-चतुर्थांशाहून जास्त युजेनॉल असतं, आणि दातात तात्पुरतं भरतात तो लगदाही युजेनॉल आणि झिंक ऑक्साइडचाच. 12 भाग म्हणजे फुलावर लवंगेचा लेपच. 3 वर आणा.
पण नुसती कमी करून भागणार नाही. तुमच्या मिश्रणात वरचा थर जवळजवळ नाहीच, म्हणून कुपी उघडताच लवंग उघडी पडते. काळ्या मिरीचं तेल 1 आणि वेलचीचं 0.5 घाला, मसाला तिथून सुरू झाला की लवंग मागून येते. फेनिलइथाइल अल्कोहोल 28 करा, जाईसारखा हलका वास देणारं मिथाइल डायहायड्रोजास्मोनेट 10 घाला, यलांग 8 वर आणा, चंदन 14 पुरे. सोनचाफ्याची ती जर्दाळू आणि चहाची छटा आयोनोनमधून येते, तिला हात लावू नका.
लवंगपानाचं तेल स्वस्त म्हणून घेत असाल तर आधी ते बदला. फार खरखरीत असतं.

रंगपारखी:
रंगाचं कारण वेगळं आहे. व्हॅनिलिन हे अल्डिहाइड, मिथाइल अँथ्रानिलेट हे अमीन. दोघं जोडले जाऊन शिफ बेस नावाचं रंगीत संयुग तयार होतं, पाणी सुटतं आणि रंग पिवळा-नारिंगी होत जातो. इंडोलही अल्डिहाइडसोबत गडद होतं. मिश्रण नासलेलं नाही, पण हे दोन घटक जितके खर्ची पडतात तितका मूळ तोल बदलतो.
खात्री करायची तर तीन लहान काचेच्या कुप्या भरा: एक जशीच्या तशी, एक व्हॅनिलिनशिवाय, एक अँथ्रानिलेटशिवाय. दहा-बारा दिवस उबदार जागी ठेवा. पुरावा डोळ्यांसमोर येईल. आणि लोखंडी चमचा नको. युजेनॉल फिनॉलवर्गीय आहे, लोहाशी त्याचाही रंग चढतो.

चाफेकळी_22:
व्हॅनिलिन काढलं तर ऊब जाणार नाही का?

रंगपारखी:
कुमारिन 2 भाग घ्या. ते लॅक्टोन आहे, अँथ्रानिलेटशी तशी जोडी जमवत नाही. सोबत लॅबडॅनम ही सुगंधी राळ 1. तो स्वतःच तपकिरी, पण निदान पहिल्या दिवसापासून तोच रंग असतो! व्हॅनिलिन हवंच असेल तर अँथ्रानिलेट सोडा.

अर्कशाळा:
एक गोष्ट राहिली. सध्याच्या मापात तयार परफ्युममध्ये लवंग तेल 1.8 टक्के, म्हणजे युजेनॉल सुमारे 1.4 टक्के येतं. युजेनॉलवर इफ्राची (सुगंध उद्योगाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची) मर्यादा आहे, त्याच्याच भावंडावर, आयसोयुजेनॉलवर, तर बरीच कडक. यलांगमधूनही दोन्ही थोडे येतात आणि यलांगवर वेगळी मर्यादा आहे, तेव्हा बेरीज करूनच पुरवठादाराच्या चालू प्रमाणपत्राशी ताडा. कॅरोन या फ्रेंच परफ्युम कंपनीच्या 1927 च्या ‘बेलोजिया’सारखी लवंगी कार्नेशन फुलाची बांधणी आज जशीच्या तशी करता येत नाही, ती यामुळेच.
लवंग शेवटी, 10 टक्के द्रावणातून, 0.01 ग्रॅमच्या काट्यावर मोजून घाला. दर वेळी गंधपट्टी 10 मिनिटांनी, 1 तासाने आणि दुसऱ्या दिवशी हुंगा. मूळ मिश्रण दोन आठवडे मुरू द्या, अल्कोहोलमध्ये आणखी चार. आठवड्याभरात निकाल लावला तर लवंग उगाच बदनाम होते.