प्रतिसाद: भिंतीवर मिनारचा नकाशा
मिनारचा नकाशा दिवाणखान्यात फार रूक्ष दिसेल, असं वर एकांनी लिहिलंय. मला अजिबात पटलं नाही. शार्ल जोसेफ मिनार या फ्रेंच इंजिनिअरने 1869 मध्ये, वयाच्या 88व्या वर्षी, नेपोलियनची 1812 ची रशिया मोहीम कागदावर मांडली. सैन्य म्हणजे एक पट्टा; सैनिक जितके जास्त, तितका तो रुंद. मोहिमेच्या सुरुवातीला नेमान नदीपाशी 4,22,000 सैनिक, म्हणून पट्टा रुंद. मॉस्कोला पोचतात 1,00,000. तिथून परतीचा काळा पट्टा सुरू होतो आणि बारीक होत जातो. बेरेझिना नदीजवळ जाऊन बघा: अलीकडे 50,000, पलीकडे 28,000. शेवटी उरतात 10,000. खाली परतीच्या वाटेवरचं तापमान आहे, तेही रेओमूर या जुन्या मापात; त्यातले उणे 30 म्हणजे आपले उणे 37.5 सेल्सियस. एवढी माणसं गेली, आणि ती एका रेषेच्या जाडीत दिसतात. पाहुणे त्याच्यासमोर थांबतातच.

घेताना एक बघा. मूळ कागदावर वरच्या भागात हॅनिबल या प्राचीन सेनापतीच्या मोहिमेचाही नकाशा आहे. बाजारातल्या बऱ्याच पोस्टरांत तो कापलेला असतो किंवा सगळंच नव्याने रेखलेलं असतं. त्यापेक्षा मूळ कागदाचं मोठं स्कॅन उतरवून छापून घ्या. कॉपीराइट केव्हाच संपलाय. आकार मात्र मोठा ठेवा, नाहीतर पट्ट्यांवरचे आकडे वाचताच येत नाहीत. चकचकीत काच टाळा, आणि थेट ऊन येणारी भिंत तर नकोच.